टेपचं दुसरं टोक

ही गोष्ट मी रचलेली नाही.

रचायचीच असती तर रात्रीची रचली असती. अंधार घातला असता, कुत्री रडवली असती. पण हे घडलं संध्याकाळी, सूर्य अजून डोंगराच्या वर असताना. थंडी सरत आलेली. आणि जागा म्हणाल तर एक मोकळं पठार. घर नाही, झाड नाही, विहीर नाही. नुसतं गवत. माणूस उभा राहिला तर डोक्यावरून जाईल एवढं गवत.

पटत नसेल तर सोडून द्या, माझा आग्रह नाही. दुसऱ्या कोणी मला सांगितलं असतं तर मीही "हो का" म्हणून चहा गाळायला उठले असते.

पण त्या संध्याकाळी टेपचं एक टोक माझ्या हातात होतं.

दुसरं टोक कोणाच्या हातात होतं, ते मला आजही माहीत नाही...

आधी आमचं काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

कुठेही खाण काढायची तर त्याआधी अहवाल लागतो. त्या जागेवर काय काय आहे याचा. झाडं कोणती, पक्षी कोणते, पाणी कुठून कुठे जातं. आणि जमिनीत जुनं काही आहे का, म्हणजे घरांची जोती, भांडीकुंडी, थडगी. हे सगळं पाहून मग खाणीचा खड्डा नेमका कुठे घ्यायचा ते ठरतं. झाडं आणि पक्षी माझ्याकडे होते. जुन्या गोष्टींचं काम माझ्या नणंदेकडे.

हो, सख्खी नणंद. नवऱ्याची मोठी बहीण.

"नणंद-भावजय महिनाभर एका खोलीत? भूत त्या खोलीतच निघालं असेल," असं माझी मैत्रीण नंतर म्हणाली. पण आमचं बरं जमायचं. पक्षी मोजते म्हणून ताई मला चिमणी म्हणायच्या. मी त्यांना नुसतं ताई. निम्मं आयुष्य त्यांनी जमीन उकरण्यात घालवलेलं. देव नाही, भूत नाही, काही मानत नाहीत. माणसाचा सांगाडा ब्रशने झाडून, तिथेच शेजारी बसून डबा खाणारी बाई.

हे मुद्दाम सांगतेय. पुढे लागेल.

आमची राहायची खोली एका टायरच्या दुकानावर होती. दोन खाटा, एक टेबल, शेगडी आणि पूर्ण बंद न होणारी खिडकी. रोज सकाळी गाडीवाले काका यायचे आणि आम्हाला पठारावर सोडायचे. खाण कंपनीचे एक साहेब अधूनमधून चक्कर मारायचे. त्यांचं नाव आम्ही पाडलं होतं उरकासाहेब. कारण त्यांच्या तोंडी कायम एकच शब्द. "उरका आता, मॅडम. उरका."

माणूस वाईट नव्हता. फक्त घाईत होता.

पठाराच्या मधोमध, गवताच्या बुडाशी, ताईंना दगडांची एक रांग सापडली. अर्धी मातीत गेलेली. एखाद्या घराचं जोतं असेल, नाहीतर नुसताच बांध. ताई म्हणाल्या, मोजून ठेवू.

मोजायचं मशीन होतं आमच्याकडे. पण असल्या कामाला ताईंना टेपच लागायचा. मोठ्या रिळावर गुंडाळलेला, पिवळा, टोकाला लोखंडी कडी असलेला. एकीने रीळ धरून उभं राहायचं, दुसरीने कडी घेऊन गवतात शिरायचं. दोन पावलांत माणूस दिसेनासा व्हायचा. ओरडून ओरडून घसे बसले, म्हणून आम्ही खूण ठरवली होती.

दोन झटके म्हणजे कडी टेकवली, माप वाच.

एक झटका म्हणजे झालं, सोडते, गुंडाळून घे.

त्या दिवशी कडी माझ्याकडे होती. निम्मं अंतर गेले असेन, तेवढ्यात पायाशी घरटं दिसलं. जमिनीवरचंच, गवताच्या वाटीत ठेवलेली तीन अंडी. माझं तर कामच ते. मी कडी बाजूला गवतावर ठेवली, खाली बसले, फोटो काढले. अंड्यांना हात लावायचा नसतो, पण का कोण जाणे, लावला.

गार होती. दगडासारखी.

पक्षीण कधीच सोडून गेलेली...

उठले, तर कडी जागेवर नव्हती.

टेप मात्र होता. माझ्या कमरेच्या उंचीवरून गवतातून गेलेला. ताठ. दोन्ही बाजूंनी ताणलेला.

मला वाटलं, कडी सरकून कुठे अडकली असेल. मी टेपवर बोट ठेवलं. तो थरथरत होता. वाऱ्याने थरथरतो तसा नव्हे. जड वस्तू बराच वेळ धरून ठेवली की हात थरथरतो ना, तसा...

तेवढ्यात मागून ताईंची हाक आली. "झालं गं, वाचलं. सोड आता."

मी तोंड उघडायच्या आत टेपला एक झटका बसला. तो सैल पडला आणि माझ्या पोटाला घासत रिळाकडे गेला.

मी परत आले तेव्हा ताई आकडा लिहीत होत्या. "एवढी लांब आहे का गं रांग? कुठवर गेली होतीस?"

"मी निम्म्यातच थांबले, ताई. घरटं दिसलं."

"मग दोन झटके कोणी दिले?"



ताईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चिमणे, ऊन लागलंय का तुला?"

आम्ही दोघी मिळून ती जागा शोधायला गेलो. दगडांची रांग मध्येच संपली होती. पुढे नुसतं गवत. ताईंनी वाचलेल्या आकड्यावर जाऊन पोहोचलो, तर मातीत कडीचा ठसा होता. गोल, खोल. जोर देऊन टेकवलेला.

आजूबाजूचं गवत ताठ उभं होतं.

तिथवर कोणी चालत गेल्याची खूण नव्हती, एकही काडी मोडलेली नव्हती...

त्या रात्री खोलीवर ताईंनी विषय हसण्यावारी नेला. "काकांचं काम आहे. दिवसभर गाडीत बसून कंटाळतात, मग गंमत सुचते."

काका आणि गंमत, हे मला काही जुळेना. त्या माणसाला मी महिनाभरात एकदा हसताना पाहिलं होतं, तेही टायर पंक्चर नाही हे कळल्यावर.

सकाळी मी गाडीत सहज विचारलं, "काका, काल गवतात आला होतात का आमच्याकडे?"

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मी तिथे गाडीतून उतरत नाही, मॅडम."

"का हो?"

"इंजिन बंद केलं की कान बंद झाल्यासारखे होतात. बाकी काही नाही. पण मी रेडिओ लावून बसतो."

ताई खिडकीबाहेर बघत होत्या. त्या दिवशी त्यांनी काकांना काही विचारलं नाही.

काका म्हणाले ते मी पठारावर पोहोचल्यावर ताडून पाहिलं. पक्षी मोजायचे म्हणजे ठरलेल्या जागी गुपचूप उभं राहायचं आणि दिसेल ते, ऐकू येईल ते टिपायचं. पठाराच्या कडेला सगळं नेहमीसारखं होतं. चंडोल गात होते, टोळ उडत होते, गवतात किड्यांची किरकिर चालू होती.

मग मी मधोमध आले.

आणि आवाज थांबला.

हळूहळू कमी झाला नाही. पंख्याचं बटण बंद करावं तसा थांबला. मी एक पाऊल मागे घेतलं. किरकिर सुरू. एक पाऊल पुढे.

काही नाही...

माझा श्वास मला ऐकू येत होता. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. डोक्यावरून एक घार आली, आणि त्या जागेच्या कडेवर पोहोचताच वळून बाजूने गेली. खाली भिंत असल्यासारखी.

मी स्वतःला समजावलं की आपल्याला काम आहे. पक्षी नाहीत तर झाडं बघ. खाली वाकले. तेव्हा दिसलं की इथलं गवत सगळीकडे सारखं नाही. मधूनमधून एक काटेरी तण होतं. हे तण कुठेही उगवत नाही. जिथे माती एकदा खोल उकरून परत भरली आहे, तिथेच ते जोर धरतं. रस्त्याच्या कडेला, पाइप टाकलेल्या चरावर, असं.

इथे ते पट्ट्यापट्ट्यांनी उगवलं होतं. पट्टे एकमेकांना समांतर. सगळे एकाच दिशेने.



दुपारी डबा खाताना मी ताईंना सांगितलं. त्या चावायच्या थांबल्या.

"केवढे पट्टे?"

मी गवतावर आडवी झाले आणि म्हटलं, "साधारण एवढे."

"सगळे?"

"नाही." मी उठून बसले आणि दोन्ही हातांनी अंतर दाखवलं. "काही एवढेसेच आहेत. ओळीच्या शेवटी सगळे लहानच आहेत."

ताईंनी डब्याचं झाकण लावलं. अर्धा डबा तसाच होता. त्यांना अन्न टाकताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

नेमके त्याच वेळी उरकासाहेब आले. त्यांची ड्रिलिंगची माणसं वरच्या टेकाडावर काम करत होती, तिकडेच निघाले होते. जाता जाता थांबले.

"मॅडम, काय म्हणतंय पठार?"

"अजून बघतोय," ताई म्हणाल्या.

"काय आहे त्यात बघण्यासारखं? जुन्यातले जुने नकाशे काढले आम्ही. इथे कोणी कधी राहिलेलंच नाही. इथे काही नाही, एवढं लिहायला किती वेळ लागतो?"

"काही नसेल तर लगेच लिहीन."

"मग उरका," असं म्हणून ते हसत टेकाड चढू लागले.

ताई बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आज त्या पट्ट्यांचं अंतर मोजून घेऊ. दगडांच्या रांगेपासून. म्हणजे उद्या चर नेमका कुठे खणायचा ते कळेल."

"मशीनने मोजू या ना, ताई."

"टेपने." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "कडी मी घेते. कोण चावटपणा करतंय ते आज मला बघायचंय."

मी त्यांना अडवायला हवं होतं, असं मला कितीदा तरी वाटतं. पण ताईंना अडवेल असा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मायचा आहे.

ऊन उतरायला लागलं होतं. मी दगडांच्या रांगेपाशी, आम्ही गवत कापून मोकळ्या केलेल्या जागेत, रीळ घेऊन उभी राहिले. गवताचे शेंडे तांबूस दिसत होते. नुसत्या झटक्यांवर आता माझा भरवसा नव्हता. म्हणून आम्ही ठरवलं की मी थोड्या थोड्या वेळाने "ताई" म्हणून हाक मारायची आणि त्यांनी "आहे" म्हणायचं.

त्या गवतात शिरल्या. निळी ओढणी क्षणभर दिसली, मग तीही गेली.

रीळ हळूहळू फिरत होतं.

"ताई?"

"आहे."

गवत सळसळत होतं. टेप पुढे सरकत होता.

"ताई?"

"आहे."

मी जरा सैल झाले. मनात म्हटलं, उगाच घाबरतो आपण. पठार आहे, गवत आहे, आपली ताई आहे.

मग सळसळ थांबली.

रीळ मात्र फिरतच होतं...

"ताई?"

थोडा वेळ काहीच नाही. मग आवाज आला. "आहे."

आवाज ताईंचाच होता. पण आधीच्या इतकाच जवळून आला. टेप तर केवढा तरी पुढे गेला होता.

रीळ थांबलं. टेप ताठ झाला.

दोन झटके.

मी माप वाचलं. कालचाच आकडा होता. बोटभरही फरक नाही.

"वाचलं, ताई. काय दिसतंय तिथे?"

"आहे."

"काय आहे?"

"आहे."

तोच सूर. "हे"वर थोडं रेंगाळणं, तेही तेवढंच. एकच आवाज पुन्हा पुन्हा लावावा तसा.

"ताई, पुरे झालं. परत या."

"आहे."

"कोणाशी बोलतेस गं?"

हे माझ्या पाठीमागून आलं.

मी वळले. गाडीच्या वाटेवर ताई उभ्या होत्या. ओढणीला कुसळं चिकटलेली, हात रिकामे.

"तुम्ही... कधी आलात?"

"तिथून केव्हाच निघाले. तू टेप ओढून घेतलास ना? मला वाटलं काहीतरी झालं, म्हणून गवताच्या कडेकडेने आले."

"मी नाही ओढला."

ताई माझ्याजवळ आल्या. त्यांनी स्वतःचा उजवा हात समोर धरला आणि बोटं उघडमीट करून पाहिली. मग हळू आवाजात बोलल्या, "झटका नव्हता तो. कोणीतरी कडी अलगद काढून घेतली माझ्या हातातून. लहान मुलाच्या हातातून आपण सुरी काढून घेतो ना... तशी."

टेप अजून ताठच होता. माझ्या हातातलं रीळ बारीक थरथरत होतं.

आणि गवतातून आवाज आला...

"आहे."

ताईंनी स्वतःचा आवाज ऐकला. त्यांचा चेहरा मी पाहिला, तो मला पुन्हा पाहायचा नाही.

मी हाक मारलेली नव्हती. कोणीच मारलेली नव्हती. तरी जरा पलीकडून दुसरा आवाज आला. पुरुषाचा, जाडसर.

"आहे."

त्याच्या पलीकडून तिसरा. म्हाताऱ्या बाईचा असावा.

"आहे."

मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. एका ओळीत, एकामागून एक, आमच्यापासून लांब लांब जात. घाई नाही, राग नाही. शाळेत हजेरी देतात तसं. जसजशी ओळ पुढे गेली तसतसे आवाज बारीक होत गेले. कोवळे होत गेले. शेवटच्या आवाजाला तर शब्द नीट म्हणताही येत नव्हता.

मग सगळं शांत.

मला रीळ टाकून द्यायचं होतं, पण बोटं उघडेनात. ते टाकलं तर काय होईल, याची मला जास्त भीती वाटत होती.

ताईंनी माझ्या हातावर हात ठेवला. एकेक बोट सोडवून रीळ आपल्याकडे घेतलं. त्यांचे ओठ हलत होते, पण काय पुटपुटत होत्या ते कळलं नाही. मग त्यांनी टेपला एक झटका दिला.

फक्त एक.

झालं. सोडा.

आम्ही वाट पाहिली. सूर्य डोंगराला टेकला.

समोरून एक झटका आला. हलकासा. आणि टेप सैल पडला.

ताई गुंडाळायला लागल्या. गवतातून सरसर करत टेप येत होता. शेवटी कडी आली. ताईंनी ती तळव्यावर घेतली आणि माझ्यापुढे केली. मी बोट लावलं.

संध्याकाळचा गारठा पडला होता. माझी बोटं बधिर झाली होती.

कडी कोमट होती. बराच वेळ कोणी मुठीत धरून ठेवल्यासारखी...

गाडीचं इंजिन आधीच चालू होतं. काच वर केलेली, रेडिओ मोठ्याने लावलेला. मी बसता बसता विचारलं, "काका, काही ऐकलंत?"

"मी गाणी ऐकत होतो," काका म्हणाले.

रेडिओवर बातम्या चालू होत्या.

रात्रभर आम्ही दिवा चालू ठेवला. ताई टेबलापाशी बसून होत्या. एकदाच म्हणाल्या, "माझाच आवाज होता ना गं?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ताई कामाला माणसं घेऊन पठारावर गेल्या. कडी जिथे टेकायची तिथून चर खणायला सुरुवात केली. फार खोल जावंच लागलं नाही. गुडघ्याएवढ्या खोलीवर पहिला सांगाडा लागला. त्याच्या शेजारी दुसरा. त्याच्या शेजारी तिसरा.

सगळे एका ओळीत, एकाच दिशेला डोकं करून, हात पोटावर ठेवलेले. कोणाजवळ भांडं नाही, मणी नाही, बांगडी नाही. आधी मोठे. मग लहान. मग अगदी लहान.

ताई नेहमी सांगाड्याशेजारी बसून डबा खायच्या. त्या दिवशी चराच्या काठावर नुसत्या बसून राहिल्या. ओढणीने डोळे पुसत होत्या की घाम, मी विचारलं नाही.

ती माणसं कोण, कुठली, सगळी एकदम कशी गेली, कोणी पुरली, हे आजतागायत कळलेलं नाही. आजूबाजूच्या कोणाला काही ठाऊक नाही. खाणीसाठी काढलेल्या जुन्या नकाशांत ते पठार कोरंच आहे.

काम थांबलं. अहवालात सगळं गेलं. ताईंनी असं ठणकावून लिहिलं की कंपनीलाही मागे सरावं लागलं.

नंतर शहरात कंपनीच्या ऑफिसात बैठक झाली. मोठं टेबल, त्यावर नकाशा. पठाराचा भाग लाल रेघांनी वगळला. खाणीचा खड्डा तिथून सरकवून पश्चिमेच्या उतारावर घेतला. तो उतार आम्ही अगदी सुरुवातीला चालून काढला होता. तिथे काही सापडलं नव्हतं, आणि ताईंनी तसं सही करून दिलेलं होतं. सगळ्यांचं समाधान झालं. सह्या झाल्या. कोणीतरी ताईंचं अभिनंदनही केलं.

मलाही वाटलं, संपलं एकदाचं. त्या माणसांना जे सांगायचं होतं ते आपण ऐकलं.

आम्ही लिफ्टची वाट बघत होतो, तेव्हा उरकासाहेब मागून आले. जरा अवघडलेले दिसले.

"मॅडम, काम चोख केलंत, वाद नाही. पण एक सांगायचं राहिलं होतं. राग मानू नका."

"बोला ना."

"कामावर लहान मुलं आणत जाऊ नका. कोणी फोटो काढला असता तर कंपनी अडचणीत आली असती."

ताई वळल्या. "कुठली मुलं?"

"त्या संध्याकाळी हो. मी टेकाडावर ड्रिलिंगपाशी होतो ना, सहज दुर्बीण लावली. तुम्ही दोघी रांगेपाशी उभ्या होतात, आणि तुमची माणसं गवतात ओळीने उभी होती. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आज उरकतंय. पण ओळीच्या टोकाला ही एवढी एवढी पोरं होती. एक तर कोणाच्या तरी कडेवर होतं."

लिफ्ट आली. दार उघडलं, बंद झालं. आम्ही कोणीच आत गेलो नाही.

गवत डोक्यावरून जात होतं. त्यात आमची माणसं असती तरी वरून दिसली नसती. हे मला सुचलं, तसं ताईंनाही सुचलं असणार. साहेबांना सुचलेलं दिसलं नाही.

ताईंनी शांतपणे विचारलं, "आमच्याकडे बघत होती का ती?"

"नाही, नाही." साहेब आठवून बोलत होते. "तुमच्याकडे सगळ्यांची पाठ होती. सगळी तिकडे बघत होती. पश्चिमेच्या उताराकडे. मला वाटलं, तिकडून कोणी त्यांना काय करायचं ते सांगतंय."

मी ताईंचा हात धरला.

"का? काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाल्या.

आम्ही जिन्याने उतरलो.

त्याच दिवशी ताईंनी पत्र दिलं की पश्चिमेचा उतार पुन्हा चालून बघायचा आहे. कंपनीने कारण विचारलं. काय लिहिणार? ताईंनी काहीतरी तांत्रिक कारण लिहिलं. उत्तर येईना. दरम्यान उतारावर यंत्रं नेण्यासाठी रस्ता करायला घेतल्याचं काकांकडून कळलं. रस्त्याच्या कामावरची पहिली टोळी सोडून गेली, हेही त्यांनीच सांगितलं. का गेली, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

काल संध्याकाळी ताईंचा फोन आला.

"परवानगी मिळाली गं. रस्ता पुढे सरकायच्या आत बघून घ्यायचंय. सोमवारी निघते."

"एकट्या?"

"कोणी यायला तयार नाही. त्या उतारावर काही नाही असं मी लिहून दिलंय, चिमणे. ती सगळी काय बघत होती, या विचाराने मला झोप लागत नाही गं. येशील?"

आतल्या खोलीतून नवऱ्याने विचारलं, कोणाचा फोन आहे.

सांगते, म्हणून मी फोन ठेवला.

मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. बॅग मात्र माळ्यावरून काढून खाटेवर ठेवली आहे, आणि सकाळपासून तिच्याकडे बघत बसले आहे.